पुरे असेल तर कप हलवा

कल्याण-डोंबिवलीत आखातात नोकरी करून आलेला माणूस शोधावा लागत नाही. समुद्रापलीकडचा हा व्यवहार जुनाच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वर्णनातही कल्याणचा उल्लेख आहे. पण वर्षानुवर्षं तिकडे राहूनही अनेकांना अरबाच्या घराचा उंबरठा काही दिसत नाही. ज्यांना मजलिसचं, म्हणजे बैठकीच्या खोलीचं, बोलावणं येतं, त्यांची परीक्षा कहव्यापाशी. यजमानाच्या डाव्या हातात दल्ला, म्हणजे कॉफीची सुरई, उजव्यात बिनकानाचा इवला कप. वेलची घातलेली बिनसाखरेची कॉफी आणि सोबत खजूर. कप जेमतेम पाव भरतात. आपल्याकडे एवढाच चहा पुढे केला तर सोयरीक मोडेल! तिकडे काठोकाठ भरलेला कप म्हणजे ‘निघा आता’. शिवाय रिकामा कप पुढे केला की तो पुन्हा भरणार. पुरे झालं हे सांगायला तो हलवायचा. हे माहीत नसलेला भिडस्त कल्याणकर निमूट पीतच राहतो. सौदी, अमिराती, ओमान आणि कतारची ही रीत युनेस्कोने २०१५मध्ये वारसायादीत घेतली. मला तरी आपल्या ‘नको-नको, घ्या-घ्या’च्या झटापटीपेक्षा मनगटाचा तो हलका झटका जास्त सभ्य वाटतो.