कारवान कुत्र्यांचे जुने जाणते

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चव्वेचाळिसाच्या आसपास रेंगाळू लागला, की बंगल्यातील बुलडॉगची अवस्था पाहवत नाही. चपटे नाक, आखूड श्वासमार्ग, त्यावर हे ऊन. बिचारा पंख्याखाली धापा टाकीत पडून असतो. त्याच वेळी गावाबाहेरच्या माळावर, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत एखादा कारवान अंग दुमडून निवांत बसलेला दिसतो. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट, हाडे मोजता यावीत अशी काया. अनोळखी माणसाला तो उपाशी वाटतो. वस्तुतः ते शरीर या माळासाठीच घडलेले आहे.

बुलडॉगचा उल्लेख येथे उगाच केलेला नाही. इंग्लंडमध्ये बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ १८३५ च्या कायद्याने बंद झाला. कायदा योग्यच होता. परंतु ज्या कामासाठी हा कुत्रा पोसला जात होता ते काम संपले आणि पुढे तो प्रदर्शनाच्या शौकिनांच्या हाती गेला. त्यांनी रूप पाहिले, श्वास पाहिला नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाक आत आणि डोके मोठे होत गेले. आज या जातीच्या अनेक माद्यांची पिले शस्त्रक्रियेवाचून जन्मास येऊ शकत नाहीत. बैलाशी झुंजणाऱ्या कुत्र्याचे जबडे आणि फुप्फुसे ज्यांनी प्रत्यक्ष जोखली होती, ती माणसे प्रदर्शनाचे नियम ठरविताना कोणी बोलावली नसावीत.

कारवान आज नेमका त्याच वळणावर उभा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा आणि काळवीट यांची शिकार गुन्हा ठरली. १९७९ मध्ये नान्नज परिसरात माळढोकासाठी अभयारण्य झाले. तेव्हापासून नजरेने सावज टिपून वाऱ्यासारखे धावणाऱ्या या कुत्र्याला कायदेशीर असे धावण्याचे काम उरले नाही. त्याविषयी हळहळण्याचे कारण नाही. माळावरचे काळवीट आणि लांडगा टिकले पाहिजेत, हे निर्विवाद. प्रश्न इतकाच, की काम गेल्यावर या कुत्र्याची पारख कोणाच्या नजरेने व्हायची?

नावापासूनच घोळ आहे. मध्य आशियातून येणाऱ्या काफिल्यांबरोबर हे कुत्रे दख्खनेत आले असे मानले जाते, म्हणून इकडे ते कारवान किंवा कारवानी. विजापूरच्या पलीकडे गेले की तोच कुत्रा मुधोळ होतो. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली आणि इंग्लंडच्या राजाला एक जोडी भेट दिली, असे सांगतात. अंगावर लांब केस असले तर त्यास पश्मी म्हणतात. कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या देशातील दोन संस्थांपैकी एक त्याला कारवान म्हणते, दुसरी मुधोळ. २००५ च्या टपाल तिकिटावर तो मुधोळ म्हणून झळकला. कर्नाटकाने मुधोळजवळ तिम्मापूर येथे संशोधन केंद्र काढले, तेथील पिले लष्करापर्यंत पोहोचली. शेजाऱ्याचे कौतुकच करावयास हवे. पण केंद्र, तिकीट आणि पंतप्रधानांनी २०२० मध्ये आकाशवाणीवरून केलेली प्रशंसा यांमुळे मागणी वाढते; मागणी वाढली की दलाल येतात, आणि दलालाला घाई असते.

अशा वेळी ज्यांना गाठून बोलते करावे अशी माणसे सोलापूर जिल्ह्यातच आहेत. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या भागांतील वृद्ध मेंढपाळ आणि शिकारी कुत्रे बाळगणारे जुने शेतकरी, ही ती माणसे. दोघांचे ज्ञान निराळे आहे, आणि ही गोष्ट शहरी हौशी माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. मेंढपाळाचा कुत्रा धावण्यासाठी नसतोच. रात्री शेतात मेंढरे बसविली, की त्याने कळपाभोवती राहावे, लांडग्याची चाहूल लागताच भुंकावे आणि कोकराला मात्र दात लावू नये. हा संयम पिलात कधी दिसू लागतो, तो आईकडून येतो की कळपात वाढल्याने, बिघडलेला कुत्रा सुधारतो काय, हे प्रश्न कोणत्याही प्राणिशास्त्रज्ञाला मोलाचे वाटावेत. कारवानवाल्याला विचारायचे ते वेगळे. एका वेतातील पिलांतून तो कोणते ठेवतो? ताक-भाकरीवर वाढलेला कुत्रा दौडीनंतर लगेच पाणी प्यायला तर काय होते? जवळच्या नात्यात जोडा लावणे किती पिढ्यांनी महागात पडते? पिसाळलेल्या कुत्र्याची पहिली खूण कोणती?

त्यांचे प्रत्येक उत्तर बरोबर असेल, असे समजण्याचा भाबडेपणा नको. अनुभवाबरोबर अंधश्रद्धाही चालत येते, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लसीखेरीज दुसरा उपाय नाही, हे त्यांनाही सांगितले पाहिजे. पण पुस्तकाने खोडून काढण्यासाठीसुद्धा आधी ते ज्ञान कागदावर यावे लागते.

अडचण विश्वासाची आहे. ज्याच्यापाशी सर्वाधिक सांगण्यासारखे आहे, त्याचे निम्मे आयुष्य कायद्याच्या लेखी गुन्ह्यात मोडते. वही-पेन्सिल घेतलेला अनोळखी माणूस दिसला, की तो ‘आम्ही कुत्रं राखणीला ठेवतो’ एवढेच सांगून गप्प बसेल, आणि ते साहजिक आहे. भटक्या जमातींची आठवण तर याहून कडवट. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला, पण सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव अजून पुसलेले नाही. नोंद करणारा माणूस तेथे हजेरी घेणाराच वाटत आला. म्हणून या कामी वनखात्याचा वा पोलिसांचा माणूस बरोबर असून चालणार नाही. शिकारीच्या हकिगतीत कोणाचेही नाव-गाव लिहिले जाणार नाही, ही हमी पहिल्याच भेटीत द्यावी लागेल आणि ती पाळावी लागेल.

उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करणारे सोलापूरचे विद्यापीठ यांनी मिळून हे काम हाती घ्यावे. त्यासाठी मोठे अनुदान किंवा इमारत लागत नाही. मेंढपाळांच्या घरांतील मुले-मुली आज महाविद्यालयांत शिकत आहेत. आजोबांशी बोलण्यास त्यांच्याइतके योग्य कोणी नाही. सोलापुरी बोलीत, कानडीमिश्रित शब्दांसह जे सांगितले जाईल ते तसेच ध्वनिमुद्रित व्हावे. त्याचे प्रमाण मराठीत रूपांतर करण्याची घाई नको, कारण कुत्र्याच्या रंगाला, चालीला आणि खोडीला असलेले शब्द त्या घाईतच गळून पडतात. पशुवैद्याने मागाहून प्रश्न काढावेत, तपासावेत, पुन्हा विचारावेत.

स्थलांतरावर असलेली ही माणसे एकत्र भेटण्याचे दिवसही ठरलेले आहेत. दिवाळीत हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते, मार्गशीर्षात बाळ्याला खंडोबाची. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, त्यामुळे तेथे कुत्र्याची गोष्ट काढण्यास वेगळे निमित्त शोधावे लागणार नाही.