पराक्रमाची पारख

मुलांच्या हाती चित्रकथेचे पुस्तक दिसले की, कित्येक वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. अशा पुस्तकांनी भाषा बिघडते आणि मन भलत्या स्वप्नांत रमते, असे त्यांस वाटते. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्यावर बंदी हा उपाय नव्हे. चोरून वाचलेल्या पुस्तकाविषयी मुले कोणाशी बोलत नाहीत, आणि ज्याविषयी बोलणे होत नाही, त्याची पारखही होत नाही. म्हणून चित्रकथा उघडपणे वाचाव्या आणि वाचून झाल्यावर त्यांचे परीक्षण करावे, हेच इष्ट होय.

अचाट बळाच्या वीराची कथा ही काही परदेशाहून आलेली नवलाई नव्हे. धाराशिव जिल्ह्यातील अणदूर हे खंडोबाचे गाव. देव वर्षाचा बहुतेक काळ अणदुरास आणि उरलेला काळ जवळच्या नळदुर्गास असतो. मणी आणि मल्ल या दैत्यांचा त्याने संहार केला, ही कथा वाघ्या-मुरळी जागरणात रंगवून सांगतात. या कथेचा शेवट ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मणी शरण आला, तेव्हा देवाने त्यास आपल्या सान्निध्यात स्थान दिले. आणि मल्लाचे नाव तर देवाच्या ‘मल्हारी’ या नावातच राहिले. शत्रूस जिंकणारे पुष्कळ असतात. जिंकल्यावर त्याला आपल्याजवळ जागा देणारा विरळा.

हीच कसोटी नव्या वीरांस लावून पाहावी. मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू झाली. तिच्या मराठी पुस्तकांतून ली फॉक यांचा वेताळ महाराष्ट्रातील मुलांस भेटला. १९९० मध्ये ती माला बंद पडली, तरी वेताळाचे नाव अजून विसरले गेलेले नाही. वेताळ अमर आहे, असे रानातील लोक समजतात. वस्तुतः पित्यामागून पुत्र तोच वेश धारण करतो व तेच व्रत चालवितो. ही कल्पना मोठी सुंदर आहे. परंतु रानातील लोकांस प्रत्येक संकटात बाहेरून आलेल्या गोऱ्या वीराचीच वाट पाहावी लागते, हे काही योग्य नव्हे. चांगल्या परीक्षणात हा गुण आणि हा दोष, दोन्ही आले पाहिजेत.

१९६२ मध्ये अवतरलेल्या स्पायडरमॅनची गोष्ट निराळी आहे. अंगी बळ येताच तो गर्वाने फुगला आणि समोरून पळणारा चोर त्याने अडविला नाही. पुढे त्याच चोराने त्याच्या काकांचा प्राण घेतला. बळ असूनही ते वेळेवर न वापरणे हाही अपराधच, हे ही कथा उपदेशावाचून शिकविते.

‘पुस्तक छान आहे’ एवढे लिहिणे म्हणजे परीक्षण नव्हे. काय छान आहे आणि ते कोणत्या पानावर दिसते, हे सांगावे लागते. चित्रकथेत दोन चौकटींच्या मधली जागा कोरी असते. एका चौकटीत उगारलेला हात दिसतो, दुसरीत कोसळलेला शत्रू; मधला प्रहार वाचकाचे मनच रेखाटते. चित्रकाराने मनास असे काम दिले आहे की सारे शब्दांनीच सांगून टाकले आहे, हे पाहावे. भाषा नेटकी आहे काय, दुर्बळांस काही करावयास मिळते काय, हेही विचारावे.

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. हजारो माणसे मृत्यू पावली. त्या पहाटे आकाशातून कोणी वीर उतरला नाही. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांस हातांनी दगडमाती उपसून बाहेर काढले. ज्या कथेत लोक केवळ आकाशाकडे डोळे लावून उभे राहतात, ती कथा कितीही रंगीत असली तरी अपुरीच होय. वीराबरोबर सामान्य माणसासही उभे करणारी कथाच संग्रही ठेवण्यास योग्य आहे. आणि ती कोणती, हे ओळखण्याचा अधिकार वाचणाऱ्या प्रत्येक मुलास आहे.