आमचा पत्ता आम्हाला द्या!

आयपीव्ही-४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जेमतेम ४३० कोटी पत्ते. जगात माणसंच त्याच्या जवळजवळ दुप्पट! मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. तरी गाडं चाललंय ते 'नॅट'च्या जोरावर: अख्खं हॉस्टेल एका पत्त्यामागे. आपण बाहेर जाऊ शकतो, पण आपल्या खोलीतल्या मशीनवर बाहेरून कुणाला थेट येता येत नाही. मग इंजिनिअरनं नुसतं डाउनलोडच करत बसायचं? स्वतःचा सर्व्हर चालवायला शिकायचं कधी?

१२८ बिटांच्या आयपीव्ही-६ चा आराखडा डिसेंबर १९९८ मध्येच आला. जिओनं तर २०१६ पासून त्यावर मोबाईल चालवले. हॉस्टेलच्या लॅनवर मात्र अजून शुकशुकाट!

"नॅट नसेल तर सुरक्षेचं काय?" असं विचारतात. अहो, राखण करायची ती फायरवॉलनं, नॅटनं नव्हे. शिवाय दोन्ही प्रोटोकॉल शेजारी शेजारी चालतात. जुनं काही मोडावं लागत नाही.

तेव्हा सरांना विनंती, आधी एका लॅबमध्ये आणि मग एका मजल्यावर आयपीव्ही-६ सुरू करा. फायरवॉलचे नियम लिहायला आम्ही पोरं बसतो. परीक्षेपुरता हेडर पाठ करण्यापेक्षा ते केव्हाही बरं!