चितेगाव किंमतयुद्धात हरले नव्हते

व्हिडिओकॉनचा विषय निघाला की एक ठरलेले वाक्य कानी येते : कोरियन कंपन्या आल्या, स्वस्त विकू लागल्या आणि औरंगाबादचा टीव्ही संपला. इतिहासाच्या अभ्यासकाने हे निदान तपासून घ्यावे, कारण त्यातला किमतीचा भाग खरा ठरत नाही.

आजच्या छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना चितेगाव लागते. धूत कुटुंबाच्या कंपनीने जपानच्या तोशिबाचे तंत्रज्ञान घेऊन रंगीत संच बनवले. १९९१नंतर बाजार खुला झाला. १९९५ला सॅमसंग, १९९७ला एलजी भारतात आली. त्याच दशकात ‘जुना संच द्या, नवा स्वस्तात न्या’ म्हणत अकाईने सर्वांचीच झोप उडवली.

व्हिडिओकॉनने उत्तर दिले ते वेगवेगळ्या नावांनी. मुख्य नावाची पत राखायची आणि सान्सुईसारख्या दुसऱ्या नावाने निराळ्या किमतीचा ग्राहक धरायचा. पुढे तर खुद्द अकाईचे नावही भारतात त्यांच्याकडेच आले! संगणकाच्या चिपबाजारातही हीच चाल दिसते. एएमडीच्या स्वस्त चिपांपुढे पेंटियमचे मोल न उतरवता इंटेलने १९९८मध्ये ‘सेलेरॉन’ हे स्वस्त नाव उतरवले.

संचातला सर्वांत खर्चिक भाग म्हणजे पिक्चर ट्यूब. तिची काच व्हिडिओकॉन समूह गुजरातमध्ये भरूचजवळ स्वतःच बनवी. किंमत उतरवण्याचे बळ तिथून येई, आणि पुढचा पेचही तिथलाच. काचेची भट्टी अखंड पेटती ठेवावी लागते. ती मनात येईल तेव्हा विझवता येत नाही, म्हणजे काच खपवणे भागच. चिपच्या धंद्यात नवी पिढी जुनीला काही वर्षांतच मोडीत काढते, हे सारे गृहीत धरूनच चालतात. काचेच्या धंद्याला ती सवय नव्हती.

२००५मध्ये फ्रान्सच्या थॉमसनने आपला पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकायला काढला. सपाट पडद्याचे संच तोवर दुकानांत मांडले जात होते. विकणारा का विकतो आहे, हा प्रश्न बाजारातली भाजीवालीही विचारते. व्हिडिओकॉनने मात्र पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने घेतले. सॅमसंग आणि एलजी त्या वेळी सपाट पडद्यांवर पैसा ओतत होत्या.

पुढे मोबाइल सेवा आली, कर्जाचा डोंगर वाढला आणि २०१८मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. सगळा दोष ट्यूबच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण चितेगावच्या कामगाराने जुळवलेला संच महाग होता म्हणून हे घडले, असे म्हणणाऱ्यांनी २००५चा तो खरेदीव्यवहार आधी वाचावा.