प्रौढांच्या वर्गात प्रश्न हवेतच

प्रौढांच्या संडे स्कूलमध्ये चर्चा नको, असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. मोठी माणसे आठवडाभर राबून येतात, त्यांना ऐकायला बरे वाटते. प्रत्येकाला बोलू दिले की वर्गाचा बाजार होतो. आणि शास्त्रावर शंका काढायची सवय लागली की विश्वास डळमळतो. म्हणून जाणत्याने सांगावे, बाकीच्यांनी ऐकावे. हे म्हणणे आळसातून आलेले नाही, त्यामागे मंडळीची काळजी आहे. तरीही ते चुकीचे आहे, आणि त्याने मंडळीचे नुकसान होते.

शंकेची भीती आधी घेऊ. रायपूरहून नागपूरकडे जाताना राजनांदगाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या गावी नोकरीसाठी निघालेल्या नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एक परदेशी मिशनरी भेटला. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले आणि निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो पेन्सिलीने खुणा करत वाचायला घेतला आणि ते डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. पुढे वाचन, पत्रव्यवहार, वाद, सगळे झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी मंडळी आज ज्यांची गीते गाते, तो माणूस शंका विचारत विचारत इथवर आला होता. त्याला कोणी गप्प बसवले असते तर?

शुभवर्तमानातला गुरूही असाच शिकवतो. लूकच्या दहाव्या अध्यायात शास्त्री येशूला प्रश्न विचारतो, तेव्हा येशू त्याला उलट विचारतो की नियमशास्त्रात काय लिहिले आहे. चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगून झाल्यावरही निष्कर्ष काढायचे काम तो शास्त्र्यावरच सोपवतो. व्याख्यानाचा आग्रह धरणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

ऐकले म्हणजे लक्षात राहते, हा दुसरा समजही टिकत नाही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवत होता, दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. संडे स्कूलही आठवड्यानेच भरते. मागच्या रविवारचे काय आठवते, हे पुस्तक मिटून विचारण्यात पहिली पाच मिनिटे घालवली, तर ती कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा कामी येतील.

वर्गाचा बाजार होतो, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. पण तो होतो प्रश्न ढिसाळ असल्यामुळे. ‘यावर तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले की दोन बोलके लोक अर्धा तास खातात. प्रश्न शास्त्रभागाला घट्ट बांधलेला हवा.

मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला घ्या. रायपुरात मजूर सकाळी कामाची वाट पाहत ज्या नाक्यांवर उभे राहतात, त्यांना चावडी म्हणतात. रायपूरच्याच तेलीबांध्याच्या वर्गात बसणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. एखादा ठेकेदार असेल, एखाद्याचा बाप रोजंदारीवर गेलेला असेल. भाग एकाने मोठ्याने वाचावा. मग विचारावे, कोण कोणत्या वेळी कामाला लागले? याचे उत्तर ओळीत आहे, त्यामुळे लाजरी माणसेही बोलतात. दिवस मावळायला तासभर असताना जे उभे होते, ते तोवर रिकामे का राहिले? त्याचेही उत्तर त्यांच्याच तोंडी आहे: कोणी कामाला लावलेच नाही. मग तिसरा प्रश्न: पहाटेपासून राबलेल्याची कुरकुर तुम्हाला रास्त वाटते का? इथे ठेकेदार आणि मजूर एका बाकावर बसून वेगवेगळे बोलतील, आणि दाखला खऱ्या अर्थाने उघडेल. वाचन हिंदीत होवो, बोलणे छत्तीसगढीत किंवा मराठीत. आपल्या घरच्या भाषेत बोलणाऱ्याला कोणी अडवू नये.

मोठ्या वयात डोके चालत नाही, असे म्हणणाऱ्यांना इतिहासच उत्तर देतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला १७९८ मध्ये गिरणीतल्या स्त्रियांसाठी प्रौढांची रविवारची शाळा निघाली. पुण्यात फुले दांपत्याने १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. छत्तीसगढात विश्रामपूरला १८६८ मध्ये मिशनचे काम सुरू झाले आणि धमतरीला १८९९ मध्ये मेनोनाइट मिशनरी आले. इथल्या मंडळ्यांची पहिली पिढी शास्त्र शिकली ती मोठ्या वयातच.

प्रोजेक्टर आणि व्हिडिओ वापरायला हरकत नाही. पण अंधारात चाळीस मिनिटे पडद्याकडे पाहणे म्हणजे पुन्हा तेच व्याख्यान, फक्त यंत्राने दिलेले.

प्रश्नांनी वर्ग चालवण्यात सर्वांत जास्त कष्ट शिक्षकाला पडतात. तीन चांगले प्रश्न तयार करायला तासाभराचे भाषण लिहिण्यापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि प्रश्न विचारून झाल्यावर शांत राहायला धीर लागतो. आपल्या मंडळ्यांत प्रौढांचा वर्ग बहुधा आयत्या वेळी कोणाच्या तरी गळ्यात पडतो. पाळकांनी आणि पास्टोरेट कमिटीने हे थांबवावे: वर्षासाठी दोन शिक्षक नेमावेत, त्यांना पुढच्या महिन्याचे शास्त्रभाग आधी द्यावेत, खुर्च्या गोल मांडाव्यात आणि सूचनांसाठी वर्गातली मिनिटे कापू नयेत.