वाऱ्याचा हिशेब
२८ मे २०२३ रोजी उज्जैनच्या ‘महाकाल लोक’ परिसरातील सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती वादळात कोसळल्या, तेव्हा केवळ स्थिर भार, म्हणजे रचनेचे स्वतःचे वजन, पेलणे पुरेसे नसते, हे स्पष्ट झाले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो; त्यामुळे पोकळ, हलक्या मूर्तीला उलथवू पाहणाऱ्या या आडव्या बलाविरुद्ध आतला भक्कम सांगाडा आणि पायाशी घट्ट जोडणी अनिवार्य ठरते, आणि या बलाच्या गणनेची पद्धत भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात दिली आहे. उज्जैनमधील २०२८ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी करताना वातभार, म्हणजे वाऱ्याचे हे बल, आणि गर्दीचा चल भार, म्हणजे जागा बदलणारे वजन, यांचा हिशेब आराखड्यातच व्हायला हवा, कारण भाविकांची सुरक्षितता तिथेच ठरते.