दुबई किती दूर?



आमच्या चाळीतल्या एका मावशींचा मुलगा वेल्डरच्या कामावर दुबईला गेला. तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ पहाटे ४ आणि पोहोचण्याची ५.४५. मावशींनी हिशेब केला, पावणेदोन तासांचा प्रवास. सहा वाजले, साडेसहा वाजले, फोन नाही. सात वाजता त्या रडतच माझ्या दारात आल्या. "भाऊ, विमानाला काही झालं तर नसेल ना?"

त्यांना बसवले, चहा दिला आणि मुलीचे नकाशांचे पुस्तक काढले.

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे. दुबई २५ आणि ५५ वर. म्हणजे दुबई आपल्या उत्तरेला ६ अंश आणि पश्चिमेला १८ अंश. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणून ६ अंशांचे ६६६. रेखांश मात्र ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात. विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलेला अंश आपल्या पट्ट्यात सुमारे १०३ भरतो. १८ अंशांचे झाले १,८५४.

आता कागदावर १०० किलोमीटरला १ सेंटिमीटर धरून काटकोन काढा. उभी बाजू ६.७, आडवी १८.५. त्यांची टोके जोडून पट्टीने मोजा. १९.७ येतील, म्हणजे १,९७० किलोमीटर. खरे हवाई अंतर १,९३० च्या जवळपास आहे. आपण पूर्ण अंश धरले, तेवढाच फरक. लंडन, न्यूयॉर्क अशा फार लांबच्या शहरांना ही रीत चालत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. तिथे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजावे.

विमानाचा वेग ताशी ८०० धरला तर १,९३० किलोमीटरला २ तास २५ मिनिटे लागतात. धावपट्टी आणि चढ-उतार यांचा अर्धा तास मिळवा. पश्चिमेला जाताना बहुधा, विशेषतः हिवाळ्यात, समोरून वारा असतो. म्हणून सव्वातीन तास धरावेत.

मग पावणेदोन कुठून आले? दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते आणि तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची छापतात. चारला सुटलेले विमान आपल्या सव्वासातला पोहोचते. तेव्हा तिथे पावणेसहा वाजलेले असतात.

पावणेआठला मुलाचा फोन आला.

परतीच्या वेळी तारखेकडेही लक्ष द्या. १४ तारखेला रात्री १० ला दुबईहून सुटलेले विमान तीन तासांनी इथे येते, तेव्हा आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटेचे अडीच वाजलेले असतात. आमच्या चाळीतले एक जण १४ च्या पहाटेच विमानतळावर जाऊन बसले आणि त्यांची एक हजेरी बुडाली.

म्हणून तिकीट हाती आले की दोन्ही वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे, तारखेसह, कागदावर लिहून घरच्यांजवळ द्या. मावशींनी परतीचा तसा कागद आत्ताच भिंतीला चिकटवला आहे.